सह्याद्रीतल्या वणव्याचा धूर मोजायचाय: ट्रोपोमी, आयासी की क्रिस?

मुळशी-भोरच्या डोंगरातले फेब्रुवारी ते मेमधले वणवे, राब भाजणी किंवा दौंड-बारामतीकडचं पाचट जाळणं, यांतून निघणारे वायू पुण्यात बसून उपग्रहावरून मोजायचे असतील, तर आधी ट्रोपोमी घ्या, म्हणजे सेंटिनेल-5पी उपग्रहावरचं, परतलेल्या उन्हातून वायू ओळखणारं उपकरण. आणि त्यातही कार्बन मोनॉक्साइडच्या मागे न लागता नायट्रोजन डायऑक्साइडपासून सुरुवात करा. धूर म्हटला की सगळे आधी मोनॉक्साइडकडेच वळतात, पण लहान वणव्याला ते लागू पडत नाही. हिशेब करून बघा.

समजा 50 हेक्टर गवत जळलं, हेक्टरी 4 टन, म्हणजे एकूण 200 टन. किलोमागे 65 ग्रॅम मोनॉक्साइड धरला तर 13 टन होतो. वणवा 5 तास चालला आणि वारा ताशी 18 किलोमीटर असला, तर 5.5 × 7 किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये (उपकरण एका मापात बघतं तो जमिनीचा तुकडा) एका वेळी जेमतेम 1 टन सापडतो. त्याच पिक्सेलवरच्या हवेत एरवीचाच सुमारे 38 टन असतो. म्हणजे वाढ अडीच टक्के, आणि उपकरणाच्या अचूकतेचं उद्दिष्टच 10 टक्क्यांच्या आतलं. दिसणार कसा?

आता नायट्रोजन. किलोमागे 3 ग्रॅम नायट्रिक ऑक्साइड, त्यातल्या सुमारे 70 टक्क्यांचं नायट्रोजन डायऑक्साइड झालं, तर 5.5 × 3.5 किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये चौरस मीटरमागे सुमारे 35 मायक्रोमोलची भर पडते. एका पिक्सेलची यादृच्छिक चूक ढोबळमानाने 10 च्या आसपास असते. धुराचा पट्टा स्पष्ट उमटतो.

आयासी आणि क्रिस ही दुसऱ्या उपग्रहांवरची, उन्हाऐवजी जमीन-हवेच्या उष्णतेच्या किरणांतून वायू ओळखणारी उपकरणं. आयासीचा पिक्सेल उपग्रहाच्या ऐन खाली 12 किलोमीटर व्यासाचा, क्रिसचा 14. ट्रोपोमीच्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या पिक्सेलच्या तुलनेत क्षेत्रफळ सहा ते आठ पट, त्यामुळे एकट्या डोंगराचा वणवा त्यात विरून जातो. शिवाय मोनॉक्साइडच्या बाबतीत या दोघांना जमिनीलगतचं कमी आणि मधल्या थरातलं जास्त दिसतं. तरीही अमोनिया हवा असेल तर या तिघांतली ही दोनच दारं आहेत, ट्रोपोमीला अमोनिया मोजताच येत नाही. या दोघांत आमची पसंती क्रिसला: तो दुपारी दीडच्या सुमारास जातो, तेव्हा तापलेली जमीन आणि हवा यांच्या तापमानातला फरक मोठा असतो आणि संकेत जोरकस मिळतो. आयासीची वेळ सकाळची साडेनऊ. उसाच्या पट्ट्यात मात्र युरिया आणि गोठे यांचाही अमोनिया असतो. न जळलेल्या शेतांवरचा आकडा आधी वजा करा, नाहीतर सगळं पाप पाचटाच्या माथी जाईल.

संध्याकाळी पेटलेला वणवा ट्रोपोमीला दिसत नाही, कारण त्याला ऊन लागतं आणि तोही दुपारी दीडलाच येतो. रात्री साडेनऊला आयासी आणि दीडला क्रिस जातात खरे, पण जमीन गार झालेली असते, त्यामुळे खोऱ्यात साचलेला धूर सहसा त्यांच्याही हाती लागत नाही.

जेम्स हे आशियावर स्थिर राहणाऱ्या कोरियन उपग्रहावरचं उपकरण तासातासाला मोजतं हे ऐकून मोह होईल. त्याचं नेहमीचं क्षेत्र 75 अंश पूर्वेपासून सुरू होतं आणि पुणे 74 च्याही अलीकडे आहे. सोडून द्या.

ट्रोपोमीत खरी फसगत होते ती गाळणीत. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी क्यूए मूल्य (प्रत्येक पिक्सेलच्या मापाला दिलेला 0 ते 1 मधला दर्जा) 0.75 च्या वर ठेवा, असं सांगितलेलं असतं. दाट धूर गणितात ढगासारखा दिसतो, आणि नेमके वणव्याचेच पिक्सेल गळून पडतात. म्हणून 0.5 पर्यंत खाली या आणि 0.5 ते 0.75 मधला प्रत्येक पिक्सेल त्याच दुपारच्या व्हिअर्स या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या रंगीत चित्राशी ताडून ठेवा किंवा टाका. दुसरी गोष्ट, वायूच्या उंचीचा आधीचा अंदाज 1 अंशाच्या जाळीवरून येतो. त्या जाळीला मुळशीचा वणवा माहीतच नसतो, त्यामुळे जमिनीलगतचा ताजा धूर कमी मोजला जातो. अ‍ॅव्हरेजिंग कर्नल (कोणत्या उंचीवरचा वायू उपकरणाला किती दिसतो, याचा डेटासोबत येणारा तक्ता) वापरून तिथे स्थानिक मॉडेलचा उभा छेद, म्हणजे कोणत्या उंचीवर किती वायू आहे तो अंदाज, घाला.

फॉर्माल्डिहाइड एका दिवसाच्या एका पिक्सेलवरून सांगू नका, गोंगाट फार असतो. महिन्याची सरासरी घ्या.

पश्चिमेचा वारा असेल तर मुळशीचा धूर दोनेक तासांत शहरावर येतो आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहन-कारखान्यांच्या नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये मिसळतो. म्हणून पट्टा पिरंगुटच्या आधी, मुळशीच्या बाजूलाच कापा, आणि पार्श्वभूमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, 20 ते 30 किलोमीटर मागच्या पिक्सेलवरून घ्या.