स्लो कुकरमधली दाण्याची चॉकलेटं: दसरा ते मे, माझा अनुभव

नेरूळच्या आमच्या घरी दसऱ्याला साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद आचेने शिजवणारं भांडं, आला. आता मे सरत आलाय. एवढ्या महिन्यांत त्यात खिमट झालं, हाडांचं सूप झालं, छोले झाले, पण सगळ्यात जास्त वेळा झाली ती दाण्याची चॉकलेटं. दिवाळीच्या फराळाच्या ताटात ती होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाच्या जोडीला दिली, भाचीच्या केळवणालाही झाली. शेजारच्या वहिनींपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

अमेरिकेत हा नाताळचा घरगुती प्रकार आहे. कुकरमध्ये दाणे घालायचे, वर चॉकलेट घालायचं, मंद आचेवर वितळू द्यायचं, ढवळायचं आणि चमच्याने कागदावर टाकायचं. पाक नाही, तार बघणं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. “अगं, पाकाशिवाय दाणे धरतील कसे?” चिक्कीत गुळाचा पाक जे काम करतो ते इथे गोठलेली चरबी करते. चॉकलेट थंड झालं की दाणे आपोआप धरले जातात.

हे यंत्र मात्र चॉकलेटसाठी जन्माला आलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाला त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. आईकडून ऐकलेल्या चोलंट या ज्यू पदार्थाच्या आठवणीतून, म्हणजे रात्रभर मंद शिजणाऱ्या कडधान्य-मांसाच्या रश्श्यातून, त्यांना ती कल्पना सुचली. पुढे १९७१ मध्ये रायव्हल कंपनीने ते क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं आणि घरोघरी पोचवलं. म्हणजे मूळ काम तासन् तास शिजवत ठेवण्याचं. ‘लो’वर ठेवला तरी आतला माल हळूहळू तापत जातो आणि रस्सा असेल तर उकळीच्या जवळ पोचतो. चॉकलेटला मात्र ४५ ते ५० अंश पुरतात. साठच्या वर गेलं की चॉकलेट बिघडतं, त्यातही मिल्क आणि व्हाइट आधी, कारण त्यात दुधाची पावडर असते. ते घट्ट, रवाळ होतं आणि करपट वास येतो. तिकडच्या कृतीत दोन-तीन तास लिहिलेले असतात, पण त्यांचा घाणा आपल्या दुप्पट असतो. आपल्या सव्वा किलोच्या मालाला तेवढा वेळ देऊ नका.

माझं प्रमाण असं: अर्धा किलो भाजलेले सोललेले दाणे, त्यातले निम्मे खारे. चारशे ग्रॅम डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पतीच्या चरबीचं चॉकलेट), दोनशे ग्रॅम मिल्क, शंभर ग्रॅम व्हाइट. वरून अर्धा चमचा कॉफी पावडर, कोरडीच. दाणे तळाशी पसरायचे म्हणजे चॉकलेट थेट तापलेल्या भांड्याला लागत नाही, आणि वर चॉकलेटचे सुरीने केलेले तुकडे. ‘लो’ लावायचं आणि पाऊण तास हात लावायचा नाही. झाकण उघडल्यावर असं वाटतं की काहीच झालेलं नाही, कारण तुकडे जसेच्या तसे, कडा धारदार. पण चमचा टेकवला की तुकडा जागच्या जागी बसतो आणि आतून चकचकीत चॉकलेट बाहेर येतं. वितळलं तरी न ढवळलेलं चॉकलेट आकार सोडत नाही. म्हणून नुसतं बघून वेळ वाढवू नका, चमचा लावून बघा. एकदा ढवळून आणखी दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा एकदा ढवळून बंद. किचन थर्मामीटर असेल तर उत्तमच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पाणी. खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना दमटपणा काय असतो ते सांगायला नको. चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखर ते ओढून घेते, गोळा होतो आणि तो पुन्हा पातळ होत नाही. स्लो कुकरचं झाकण काचेचं, त्याला आतून वाफ धरते आणि ती थेंब होऊन खाली पडते. यावर उपाय सासूबाईंचा. मोदकपात्राच्या झाकणाला जसा पंचा बांधतात, म्हणजे वाफेचं पाणी मोदकांवर ठिबकत नाही, तसाच त्यांनी कुकरच्या झाकणाला धुतलेला, कडकडीत वाळलेला पंचा गुंडाळून वर गाठ मारली, टोकं गरम भागाला लागणार नाहीत अशी. तेव्हापासून पंचा बांधल्याशिवाय आमच्याकडे हा घाणा लागत नाही. चमचा, पातेलं, हात, सगळं कोरडं हवं. पाण्यात कालवलेला इसेन्स घालू नये. स्वाद हवाच असेल तर वेलची पूड किंवा सुंठ घाला, किंवा तेलावर आधारित इसेन्स.

चॉकलेट कुठलं घ्यायचं यावर लोक फार वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे. या कामाला कंपाउंडच घ्या. चवीला कोको बटरचं, म्हणजे कोकोच्या बियांच्या चरबीचं अस्सल चॉकलेट, ज्याला कूव्हर्चर म्हणतात, ते केव्हाही वरचढ, ते मीही मान्य करते. कंपाउंड जिभेवर जरा मेणचट लागतं आणि म्हणूनच मी खारे दाणे आणि कॉफी घालते, त्याने तो मेणचटपणा झाकला जातो. पण कूव्हर्चरला टेंपरिंग लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना तापवणं आणि गार करणं. डार्क असेल तर ४५-५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ वर आणायचं आणि पुन्हा ३१-३२ पर्यंत न्यायचं. स्लो कुकरमध्ये हे साधत नाही. टेंपर न केलेलं कूव्हर्चर नीट कडक होत नाही आणि त्यावर पांढुरके डाग उमटतात. शिवाय कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आपल्या घरात ते टिकणं कठीणच. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतीची चरबी असते, बहुधा पाम कर्नेलची, आणि त्याला टेंपरिंग लागत नाही. दोन्ही अर्धं अर्धं मिसळून चव सुधारू असं मनात आलं तर तसं करू नका. या दोन चरब्यांचं आपसात जमत नाही, मिश्रण मऊ पडतं आणि डाग लवकर येतात.

दाण्यांबाबत मात्र कंजुषी नको. काजू-बदाम मी वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटातून आणते, शेंगदाणे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, पण चाखून. एक खवट दाणा सबंध चॉकलेटची चव घालवतो. भाजलेले आणले तरी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून पूर्ण गार करते, म्हणजे धरलेला ओलावा जातो. खाऱ्या दाण्यांवरचं जादा मीठ चाळणीत झटकून टाकते. सगळे काजू घातले तर श्रीमंती दिसते, पण चवीला दाणेच सरस. डार्क चॉकलेटला भाजक्या शेंगदाण्याचा कडकपणा आणि वास लागतो, काजू त्यात हरवून जातो.

कुकरचा खरा उपयोग कळतो तो इथून पुढे. एका घाण्यात ऐंशीच्या आसपास चॉकलेटं होतात. गॅसवर डबल बॉयलर (गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं) केला तर निम्मी टाकेपर्यंत उरलेलं घट्ट व्हायला लागतं, पुन्हा पाणी तापवा, पुन्हा वाफेची धास्ती. इथे जाड चिनी मातीचं भांडं ऊब धरून ठेवतं. बंद केल्यावरही बराच वेळ मिश्रण चमच्याने टाकण्याजोगं राहतं. मी, मुलगी आणि सासूबाई टेबलाभोवती बसून बटर पेपरवर निवांत टाकतो, शेवटचा चमचाही पहिल्यासारखाच चकचकीत पडतो. केवळ वितळवायला म्हणून एवढं यंत्र घ्यायची गरज नाही, पण धरून ठेवायला याच्या तोडीचं माझ्या स्वयंपाकघरात दुसरं काही नाही. वीज म्हणाल तर माझ्या कुकरवर २०० वॅट लिहिलंय, दीड तास सलग चालला तरी ०.३ युनिट.

डिसेंबर-जानेवारीत पंख्याखाली तासाभरात सेट होतात. एप्रिल-मेमध्ये तसं होत नाही. तेव्हा एसीची खोली किंवा फ्रिजमध्ये दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. फ्रिजमधून उघडी बाहेर काढली की आपल्या हवेत लगेच घाम धरतो, तो वाळला की वर साखरेचा पांढरा थर येतो. म्हणून उन्हाळ्यात साठवायची असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरूनच फ्रिजमध्ये ठेवते आणि बाहेर काढल्यावर अर्धा तास डबा उघडत नाही. डब्याला बाहेरून पाणी सुटतं ते सुटू दे, आत कोरडं राहतं.

तक्रारी आहेत. वायर आखूड, ओट्यावरच्या प्लगपर्यंत जेमतेम पोचते. तापमान कुठेच दिसत नाही, बटणावर फक्त लो, हाय, वॉर्म. झाकणाची मूठ दोन महिन्यांत सैल झाली आणि कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी सुटी मूठ मिळत नाही, आख्खं झाकण घ्या असं सांगितलं. शेवटी जवळच्या भांडीवाल्याने स्क्रू बदलून दिला. भांडं जड आहे, सासूबाईंना एकटीने उचलवत नाही. आणि गरम असताना त्यावर गार पाणी घालू नका, तडा जाऊ शकतो.

साफसफाईचा मात्र त्रास नाही. माल संपला की भांड्यातच गरम दूध ओतून उलथन्याने ढवळायचं, कडेला लागलेलं सगळं सुटतं आणि मुलांना हॉट चॉकलेट मिळतं. चॉकलेट सिंकमध्ये धुऊन सोडू नका, गोठून पाइप तुंबतो.

अगदी लहान मुलांना ही चॉकलेटं देऊ नका, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. वाटण्याआधी दाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते विचारा. आणि कुकरमध्ये राजमा करणार असाल तर भिजवून, ते पाणी टाकून, आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच यात घाला. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेने जात नाही.

वर्षातून एखादा स्लॅब वितळवणाऱ्याने यात पैसे घालू नयेत, पातेल्यावर पातेलं ठेवून भागतं. सणाला किलो-दोन किलो करणाऱ्यांनी जरूर घ्यावा, आणि चार माणसांच्या घराला साडेतीन लिटरच घ्यावा. सहा लिटरच्या भांड्यात एक किलोचा घाणा तळाशी पातळ पसरतो आणि कडेने लवकर करपतो.