पोर्टफोलिओ दाखवायला गेले आणि ओपन फाइल देऊन बसले

मी पुण्यात पॅकेजिंग डिझाइनची कामं घेते. मराठी अक्षरं हाताने काढणं हा माझा जीव की प्राण. गेल्या दिवाळीनंतर बाणेरच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीतून फोन आला. तिथे त्यांनी तासभर माझी जुनी कामं बघितली, कौतुक केलं, चहा दिला. ‘मॅडम, काम तुम्हालाच द्यायचंय, फक्त सरांना दाखवायला तिळगुळाच्या पाकिटाचं एक सॅम्पल करा.’ पैशांचं विचारलं तर म्हणाले, आधी फायनल होऊ दे.

चार रात्री बसून केलं. ‘तिळगूळ’मधले दोन्ही ळ मी मुद्दाम वेगळे काढले. पहिल्याचे गोल बंद, दुसऱ्याचा शेवटचा गोल उघडा ठेवून त्यात हलव्याचा दाणा बसवला. पीडीएफ पाठवली. दोन दिवसांनी निरोप आला, ‘प्रेसवाल्याला रंग तपासायचेत, कोरलची ओपन फाइल द्या.’ म्हणजे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल, जिच्यात कुणालाही हवे ते बदल करता येतात. मी दिली. तिथेच चुकलं. सॅम्पल बघायला ओपन फाइल लागत नाही, ती लागते छापायला. हे मला माहीत होतं, तरी काम हातचं जाईल या भीतीने पाठवली. मग फोन उचलणंच बंद झालं.

जानेवारीत मंडईजवळच्या दुकानात ते पाकीट दिसलं. रंग बदलले होते, पण दुसऱ्या ळच्या पोटात माझा दाणा तसाच होता. मी तिथेच रडले.

फोन केल्यावर उत्तर मिळालं, ‘तुम्हीच फाइल पाठवलीत, म्हणजे ती आमची झाली.’ हे साफ खोटं आहे. ओळखीच्या वकीलताईंनी समजावलं, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढल्या क्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. नोकरीत असताना केलेलं काम सहसा मालकाचं ठरतं, पण मी नोकर नव्हते आणि एक रुपयाही घेतला नव्हता. माझ्याकडे तारखेसह ईमेल होते, कच्च्या रेखाटनांचे फोटो होते. त्यावर नोटीस गेली. पाकीट बाजारातून हललं, पैसे मात्र आजही मिळालेले नाहीत.

नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली अशा ठिकाणी एकटी जातात, म्हणून हे लिहिते आहे. काम दाखवायचं तर कमी रिझोल्यूशनची, चित्रावर आडवं स्वतःचं नाव टाकलेली पीडीएफ दाखवा, शक्यतो समोर बसून. त्यांच्याच मालासाठी नवीन सॅम्पल मागितलं तर ते काम आहे. त्याचा दर आधी ईमेलवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे आले की पेन्सिल उचला. ओपन फाइल शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच द्या. आणि बाणेरहून कुणी ‘सरांना दाखवायला’ सॅम्पल मागत असेल, तर होकार देण्याआधी मला एक मेसेज करा.