36,800 रुपयांचे ‘नवे’ टायर

जुने टायर नवे म्हणून माझ्या गळ्यात मारले, त्याची ही गोष्ट. आधी आकडे सांगतो. थारचे चार ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर, साइज 245/75 आर 16, नगाला 9,200 रुपये, म्हणजे 36,800. बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे 1,200 वेगळे. दहा हजार यूपीआयवर दिले, तेही दुकानाच्या नाही तर भलत्याच माणसाच्या नावावर. उरलेले 26,800 रोख. मे 2025, मुंबई-गोवा हायवेवरचं एक दुकान. नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे.

स्वस्ताच्या मागे लागलो म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या बागेत येऊन दाखवावं. बाग सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर आहे. शेवटची चढण जांभ्याच्या कातळावरून, पावसात तिच्यावर शेवाळ आणि खाली लाल चिखल. पावसाआधी टायर बदलणं भागच होतं. दुसरीकडे नगाला 13,500 सांगत होते. हा दुकानदार म्हणाला, “काका, पक्कं बिल घेतलंत तर 28 टक्के जीएसटी जातो. कशाला?” तेव्हा टायरवर 28 टक्केच होता, त्यामुळे कोणालाही पटलं असतं. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा दिसलं, जीएसटी काढला तरी साडेदहा हजार होतात. वरचे तेराशे हा कुठून सोडत होता?

आता ज्याने अजून झोप उडते ते. टायर बाहेर आणले तेव्हा काळे कुळकुळीत, चकचकीत. मी हात लावला तर तळवा काळा आणि चिकट झाला. नव्या टायरने हात असा माखत नाही, हे मला माहीत आहे! मी वाकून तारीख शोधायला लागलो, तेवढ्यात मालक म्हणाला, “काका, चहा निवतोय, पोरगा बसवतोय तोवर या आत.” चहा संपेपर्यंत चारही टायर चढलेले. पोराने तारखेची बाजू आत घातली होती. चारही टायरना! हे चुकून होत नाही.

तारीख म्हणजे टायरच्या बाजूवर उमटवलेल्या डीओटी नंबरचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पुष्कळ टायरवर ते एकाच बाजूला असतात. म्हणून बसवण्याआधी दोन्ही बाजू बघा, मोबाइलच्या टॉर्चने बघा, आणि तोवर चहा घेऊ नका.

जूनच्या पहिल्या पावसात पॉलिश धुऊन गेलं. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा, नख दाबलं तर रुतेना. जुलैत कुंभार्ली घाट चढताना मागचा डावा थडथडायला लागला. उतरून बघतो तर टायरच्या बगलेला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, लिंबाएवढा फुगा आणि वरचा रबरी पट्टा एका कडेने सुटलेला. शेजारी दरी, गाडीत आई. टोइंगचे 4,500 गेले. चिपळूणला टायर उतरवल्यावर आतल्या बाजूला वाचलं, 2316. म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. बाकी तिघांवर त्या जागी रबर घासून गुळगुळीत केलेलं.

दुकानात गेलो तर, “काका, हे आमचे नव्हेतच.” पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, “हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.” तारीख घासून विकणं हा दिवाणी मामला? अर्ज घ्यायलाच तीन हेलपाटे, पोच मागितली तर “साहेब बंदोबस्ताला गेलेत.” ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पक्कं बिल नाही म्हणून परस्पर बंद झाली. आरटीओतल्या बाबूने तर कमालच केली: “टायर विकणाऱ्याशी आमचा संबंध नाही.” उद्या तोच टायर गुळगुळीत दिसला की पावती मात्र माझ्याच नावाने फाडणार! जीएसटीवाल्यांकडे जायचं तर बिनबिलाची खरेदी मीही केलेली, म्हणजे चोर सोडून मलाच धरायचे. वकील म्हणतात, यूपीआयची नोंद आणि कच्ची चिठ्ठी हाही पुरावाच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात (हवालदार म्हणाला तो ग्राहक मंच) फी लागत नाही, हे एवढ्या खिडक्यांपैकी एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही.

आणि हो, मड टेरेनच्या नादाला लागू नका. मोठ्या ठोकळ्यांचे टायर चिखलात भारी दिसतात, पण आपलं निम्मं वर्ष ओल्या डांबरावर जातं, तिथे ते घसरतात आणि कानही खातात. ऑल टेरेन पुरे. जांभ्याच्या धारेने बगल फाटते, म्हणून बगलेचे प्लाय, म्हणजे आतले थर किती ते विचारा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. पैसे ज्याच्या नावावर मागतील ते नाव बिलावर असलंच पाहिजे, नसेल तर उठा.

नवे चार टायर 54,000 ला घेतले, पक्क्या बिलाने. जुने चारही पडवीत रचून ठेवलेत, पुरावा म्हणून. दापोली ते राजापूर पट्ट्यात कोणाला असेच टायर मिळाले असतील तर चिठ्ठी आणि फोटो जपून ठेवा, टायर भंगारात देऊ नका. एकाच दुकानाचे चार-पाच जण निघाले तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझी फाइल तयार आहे.