गुडघेदुखी, 'हिमालयातला' गुग्गुळ आणि साडेएकतीस हजार

घरात गुडघेदुखीचं कुणी असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. पुण्यात माझ्या वडिलांना ज्या पद्धतीनं गंडवलं, ती काही नवी नाही, असं चौकीतले हवालदारच म्हणाले.

पहिला माणूस रस्त्यात गाठतो. नीटनेटके कपडे, हातात हेल्मेट. "काका, पाय दुखतोय वाटतं? माझ्या आईचं तर ऑपरेशन ठरलं होतं!" मग आई कशी बरी झाली ते सांगतो, चिठ्ठीवर औषधं लिहून देतो आणि नेमका त्यालाही त्याच दुकानाकडे जायचं असतं. दुकानात बरण्या, धन्वंतरीचा फोटो, मोठा खलबत्ता. सुंठ, अश्वगंधा वगैरे स्वस्तात तोलतात, म्हणजे विश्वास बसतो. शेवटी निघतो 'हिमालयातला अस्सल गुग्गुळ', ग्रॅमला 150 रुपये. किती लागणार ते मात्र सगळं कुटून एकत्र केल्यावर सांगतात. 210 ग्रॅम! "आता मिसळलं काका, परत कसं घेऊ?" एवढी रोकड नव्हती, तर त्यांचा पोऱ्या बाबांना स्कूटरवर बसवून एटीएमला घेऊन गेला. सेवाच म्हणायची.

औषधातला गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा डिंक. ते वाढतं राजस्थान आणि कच्छच्या रखरखीत भागात. बर्फाशी त्याचा काय संबंध? अती चिरे मारून झाडं मरतात, त्यामुळे ही जात आता अतिधोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. माल कमी, मागणी भरपूर, म्हणून भेसळही जोरात.

धुपासाठी म्हणून दुकानदारानं एक खडा फुकट दिला होता. तो आमच्या ओळखीच्या वैद्यबाईंनी गरम पाण्यात टाकला. चांगल्या गुग्गुळानं पाणी दुधट होतं, म्हणाल्या. आमच्या पेल्यात तांबूस पाणी, तळाशी वाळू आणि सालपटं. शिवाय कच्चा गुग्गुळ कुटून कुणी देत नाही. तो त्रिफळ्याच्या काढ्यासारख्या द्रवात शिजवून, गाळून आधी शुद्ध करतात, मग योगराज गुग्गुळासारख्या गोळ्या होतात. त्या औषधांच्या दुकानात मिळतात आणि त्यासाठी पेन्शन मोडावी लागत नाही. तरी थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याही नकोत.

तयार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटक छापलेले असतात. आमच्या पुडीवर फक्त 'सकाळ-संध्याकाळ दुधातून'. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. पावडर खाऊ नका, फेकूही नका, पुरावा म्हणून ठेवा. पोलिसांत अर्ज द्या, ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, अन्न व औषध प्रशासनाला कळवा. आम्ही तिन्ही केलं. दुकानाला कुलूप आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.