आमच्या चर्चच्या मंडळीतला ख्रिस्ती शिकवणीचा 6 आठवड्यांचा वर्ग, नक्की करा
रविवारच्या उपासनेनंतर असायचा, फी नाही. लहानपणापासून चर्चला जातेय पण तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने होतं म्हणजे नेमकं काय हे कुणी असं बसवून सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) बायबलमधलं इफिस 2:8-9 फळ्यावर लिहिलं, तारण हे देवाचं दान, कर्मांनी कमवता येत नाही, तर शेजारच्या आजी म्हणाल्या मग एवढी वर्षं केलेलं वाया गेलं का हो? पाळकसाहेबांनी लगेच पुढचं 10वं वचन आजींनाच वाचायला लावलं, सत्कृत्यं तारण मिळवायला नाहीत, तारण झालेल्या माणसाने करायची आहेत. आजींचे डोळे भरले, माझेही. नवा जन्म (विश्वासाने आतून नवं होणं), येशूचा वधस्तंभ, पुनरुत्थान सगळं अगदी सोप्या मराठीत. फक्त त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) एका तासात उरकलं, त्याला दोन रविवार हवेच होते, आणि नोट्सचा टाइप फारच बारीक, वयस्कर लोकांना वाचवत नाही.