'समर इन पॅरडाइज': आठ महिने ऐकल्यानंतर

बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या या अल्बमची जुनी सीडी मार्चमध्ये हाती लागली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत शिरलाच नाही. या बँडचा सगळ्यात वाईट अल्बम कोणता, असं विचारलं की आजही आधी याचंच नाव निघतं. एकदा ऐकून मत बनवायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणून आठ महिने ऐकत राहिलो, कधी गाडीत, कधी रात्री हेडफोन लावून.

पहिली खटकतात ती तालवाद्यं. संगणकावर ध्वनिमुद्रण करायच्या प्रो टूल्स या सॉफ्टवेअरच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं हे काम. ड्रमचा प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा पडतो, त्यात माणसाचा हात जाणवत नाही. 'सर्फिन' ऐकताना हे फार टोचतं. १९६१ मधलं त्यांचं हे पहिलंवहिलं गाणं. तेव्हा एक गिटार, एक उभा बेस आणि ड्रमचा जेमतेम आवाज होता. गिटार वाजवणारा कार्ल विल्सन १४ वर्षांचा होता. जुनं आणि नवं मी लागोपाठ कितीदा तरी लावून पाहिलं. जुन्यात पोरांचा दम लागलेला ऐकू येतो. नव्यात सगळं घासूनपुसून लख्ख आहे आणि गाणं मात्र थंड पडलंय.

बँडचा मुख्य गीतकार-संगीतकार ब्रायन विल्सन अजिबात नसलेला हा त्यांचा पहिला अल्बम. १९८८ मध्ये त्यांचं 'कोकोमो' हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि निर्माता टेरी मेल्चरला सोबत घेऊन तीच चव पुन्हा आणायची धडपड इथे जागोजागी दिसते. बेटं, वाळू, उन्हाळा. बारापैकी निदान पाच गाणी जुनी, त्यांतली तीन तर दुसऱ्यांची. 'समर ऑफ लव्ह'मधलं बँडचा गायक माइक लव्हचं रॅप मी आता सरळ पुढे ढकलतो. बँडचा ड्रमर डेनिस विल्सनचं १९७० मधलं 'फॉरेव्हर' इथे अभिनेता जॉन स्टेमॉस गातो. तो मनापासून गातो हे कळतं, पण डेनिसच्या आवाजातली खरखर ज्याच्या कानात बसलीय त्याला ते जड जातं. डेनिस १९८३ मध्ये समुद्रातच बुडून गेला.

तरी सीडी कपाटात ठेवून दिली नाही, ती 'लाहायना अलोहा'मुळे. मे-जूनपर्यंत हे गाणं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग एका रात्री कार्लचा आवाज नीट ऐकला. मागे तोच यांत्रिक ठोका चालू असतो आणि हा माणूस त्यावर इतका मोकळा, इतका मऊ गातो की बाकीचं ऐकूच येईनासं होतं. १९९८ मध्ये, ५१ व्या वर्षी तो गेला. नवी गाणी असलेला बँडचा हा त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम.

नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात इथून करू नये, आधी १९६६ चा 'पेट साउंड्स' ऐकावा. ज्यांना कार्ल आवडतो त्यांनी मात्र ही सीडी कुठे दिसली तर सोडू नये.