वेदरिंगआधीचा क्लिअर कोट: तामिया एक्स-२२, आठ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत तामिया कंपनीच्या एक्स-२२ ची, म्हणजे वेदरिंगच्या (मॉडेल जुनं, मळलेलं दाखवण्याच्या) आधी मारायच्या पारदर्शक, चकचकीत (ग्लॉस) लेपाची २३ मिलीची बाटली घेतली. सप्टेंबरअखेर ती तळाला लागली तोवर तिच्यावर तीन प्लास्टिक मॉडेल्स झाली होती: १/७२ मापाची दोन मिग-२१ आणि १/३५ मापाचा एक सेंच्युरियन रणगाडा. त्याआधी मी हार्डवेअरच्या दुकानातला कुठलासा क्लिअर स्प्रे मारायचे. त्याने एकदा डिकल्स (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) सुरकुतली आणि वर्षभरात पांढरा रंग पिवळा पडला. तेव्हापासून ठरवलं, मॉडेलसाठी बनलेलंच वापरायचं.

एक्स-२२ ब्रशने लावला तर रेघा राहतात, म्हणून एअरब्रशच (हवेच्या दाबाने रंग फवारणारं उपकरण). एक भाग क्लिअर आणि दोन भाग मिस्टर लेव्हलिंग थिनर (रंग पातळ करायचं द्रावण), ०.३ मिमीचं नोझल, हवेचा दाब १५ पीएसआय. या थिनरमध्ये रिटार्डर असतो, त्यामुळे कोट सावकाश सुकतो आणि तेवढ्या वेळात स्वतःच सपाट बसतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दहा मिनिटांनी दुसरा, मग एकच जरा ओला. वास उग्र आहे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खिडकी उघडी आणि सॉल्व्हंटच्या वाफा अडवणारा मास्क हवाच. साधा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

खरा फरक दिसतो तो वॉश, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा पातळ गडद रंग, देताना. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तो इनॅमल वॉश टिपकागदासारखा शोषतो आणि डाग जात नाही. ग्लॉसवर मात्र ब्रशचं टोक टेकवलं की वॉश पॅनेल लाईनमधून (पत्र्यांच्या जोडांच्या खाचांतून) आपोआप धावतो. उरलेला अर्ध्या तासाने इनॅमल थिनरमध्ये जेमतेम ओला केलेल्या कापसाच्या काडीने निघून येतो, खालच्या रंगाला धक्का न लागता. डिकलखाली हवा अडकून जो चंदेरी पापुद्रा दिसतो, तोही मिगच्या पंखांवरच्या राउंडेलखाली (वायुदलाच्या गोल चिन्हाखाली) कुठेच आला नाही.

पण घाई नको. पहिल्या मिगवर सहा तासांत वॉश दिला आणि पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा बसला. आता मी पूर्ण ४८ तास थांबते.

जुलैची गोष्ट वेगळीच. डोंबिवलीत आमच्या खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता, तरी मी फवारलंच. दोन मिनिटांत दुसरं मिग दुधाळ झालं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या कोटावर धरते, म्हणून हे होतं. तेव्हा काळजात धस्स झालं होतं, पण उपाय सोपा निघाला: दुसऱ्या दिवशी एसी लावून खोली कोरडी केली आणि नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा मारला. कोट पुन्हा मऊ झाला, अडकलेली ओल निघाली, चमक परत आली. आता ६५ टक्क्यांच्या वर एअरब्रशला हात लावत नाही.

सेंच्युरियनवर माझं एक मत बदललं. तो मी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या ‘फॅमागुस्टा’चा केलाय, १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यात लढले तो. विमानाच्या सवयीने सगळ्या रणगाड्यावर ग्लॉस मारला आणि चाकांवर मातीची पिगमेंट्स टिकेनात. गुळगुळीत जागेवर भुकटीला धरायला काहीच नसतं. शेवटी खालच्या भागावर एक्सएफ-८६ फ्लॅट क्लिअर दिला, तेव्हा कुठे माती बसली. रणगाडा करणाऱ्यांनी ग्लॉस फक्त डिकल्सच्या जागी आणि जिथे बारीक वॉश द्यायचाय तिथे मारावा, चाकं आणि ट्रॅक मॅटच ठेवावेत.

प्लास्टिक उघडं राहिलं तर सांध्यांतून शिरलेलं इनॅमल थिनर नाजूक भाग तडकवतं, एवढं मात्र विसरू नका. आतल्या कोपऱ्यांतही रंग आणि कोट पोचलाय का, ते टॉर्च मारून बघा. नवी बाटली आणलीय. ती उघडेन पाऊस पुरता सरल्यावर.